कोठीचा रिपोर्ट

भद्रे सरांच्या वहीत तीन रकाने होते. माल, होतकरू आणि माती. पहिला रकाना गच्च भरलेला, दुसऱ्यात पंधरा-वीस नोंदी आणि तिसरा कोरा. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं आणि जवळजवळ सगळा काळ तो तिसरा रकाना कोराच पाहिला. एवढ्या वर्षांत मास्तरसुद्धा नापास करून करून कंटाळतो आणि शेवटी चार मार्क ग्रेसचे देऊन मोकळा होतो. भद्रे सर कंटाळले नाहीत. का कंटाळले नाहीत हे मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे कळलं असं वाटलं तेव्हा आणखीच गोंधळ उडाला. तो गोंधळ अजून तसाच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आमची लॅब हैदराबादेत, नारायणगुड्याच्या एका गल्लीत होती. खाली शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर आम्ही, आणि आमच्या वर गच्ची. गच्चीत साठेक कुंड्या. पण त्यांत माती नव्हती. हैदराबादपासून जीपने पाच तासांवर एक उघडी कोळसा खाण आहे. कोळशापर्यंत पोचायचं म्हणजे वरचा खडक, मुरूम, पाटीसारखा काळा दगड, सगळं उकरून बाजूला टाकावं लागतं. त्याचे ढीग होतात, आणि ढीग म्हणजे अक्षरशः टेकड्या. त्यांवर काही उगवत नाही. पाणी पडलं की वाहून जातं, दगडातलं गंधक पाण्याला भिडलं की सगळं आंबट होतं, उन्हाळ्यात पाय ठेववत नाही. त्या टाकलेल्या मालातच वीजघराची राख, शेणखत, ताग-धैंचा अशी हिरवळीच्या खताची पिकं, असं काय काय मिसळून त्याचीच माती करायची आणि टेकडी हिरवी करायची, हे आमचं काम. मी केमिस्ट. आंबटपणा किती, नत्र किती, हे मी मोजायचं. आणि तो माल माती झाला की नाही, हे भद्रे सर ठरवणार.

लक्ष्मण भद्रे. बुटके, काटक, पंचावन्नच्या पुढचे. खाणीच्या ढिगावर जातानाही पांढरा फुलशर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. आवाज इतका हळू की फोनवर समोरचा माणूस 'हॅलो हॅलो' करून ठेवून द्यायचा. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "राहून गेलं," जणू बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली. माणसांशी बेताचं बोलत, पण कुंड्यांशी मात्र भरपूर, आणि तेही अहो-जाहो करून. "काय म्हणता? कालच्या उन्हानं लईच मनाला लावून घेतलं तुम्ही!" असं एका पिवळ्या पडलेल्या धैंच्याला म्हणताना मी त्यांना पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि घरी येऊन आईला सांगितलं, की माझे साहेब एक तर संत आहेत नाही तर त्यांना सुट्टीची गरज आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली होती. घमेल्यात काळंभोर, भुसभुशीत काहीतरी होतं. "जाधव मॅडम, ही काय आहे?"

"माती," मी म्हटलं.

"कशावरून?"

"काळी आहे. आमच्या उदगीरकडची अशीच असते."

"काळं तर काय, टायर पण काळं असतं," ते म्हणाले. "हा माल आहे. दगड दळून, राख घालून. ह्याला अजून माती म्हणायचं न्हाई."

"मग कधी म्हणायचं?"

"घाई नक्को."

हे 'घाई नक्को' मी पुढे हजार वेळा ऐकलं. मला वाटलं होतं, झाड उगवलं की माती. ती समजूत त्यांनी लगेच मोडून काढली. गल्लीतल्या एका गळक्या भिंतीतून पिंपळ आला होता, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते बघा. भिंत माती झाली का?" मग मला वाटलं, गांडूळ निघालं की माती. गांडूळ निघालं. त्यांनी त्याला हलक्या हाताने परत आत ठेवलं आणि म्हणाले, "पाहुणा आहे. राहतो का बघू." मग वाटलं, झाडाचं बी पडून पुन्हा आपोआप रोप आलं की माती. तेही झालं. नोंद 'होतकरू'त गेली. माझे सगळे आकडे पुस्तकात दिलेल्या मर्यादेत बसत होते आणि भद्रे सर पावशेर भाजी घेतल्यासारखे ते कागद हातात तोलून कपाटात ठेवून देत होते.

एकदा आम्ही ढिगावर आखलेल्या वाफ्यांत शेळी शिरली. पाच तास जीपमध्ये अंग खिळखिळं करून आम्ही पोचलो तर कुंपण वाकलेलं, स्टायलोचं गवत खुरट्या दाढीसारखं झालेलं आणि शेळी माझ्या हातची पुठ्ठ्याची लेबलं चघळत शांत उभी. वॉचमन तेलुगूतून स्वतःच्या आईची शपथ घेऊन सांगत होता की तो झोपला नव्हता. मला रडू यायचं बाकी होतं. चार महिन्यांची मोजणी गेली होती. भद्रे सर मात्र शेळीच्या समोर उकिडवे बसले आणि तिचं तोंड निरखून पाहू लागले.

"सर, हाकला ना तिला!"

"ठैरा जरा. जनावर खोटं खात न्हाई," ते म्हणाले. "हिनं पास केलं."

"मग लिहा ना 'माती'!"

"हिनं गवताला पास केलं, मॅडम. खालच्याला न्हाई."

त्या दिवशी मी त्यांच्याशी परतीच्या प्रवासात एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्यांच्या शेतातली चांगली माती ट्रकने आणून ढिगावर पसरायची, हा एक सोपा उपाय असतो आणि पुष्कळ जण तोच करतात. भद्रे सरांना त्याची चीड होती. असा विषय निघाला की तो हळू आवाज एकदम वर जायचा. "एक खड्डा झाकायला दुसरा खड्डा खणायचा! ज्याच्याकडं हाय त्याचं आणायचं आन् ज्याच्याकडं न्हाई त्याच्यावर टाकून म्हणायचं, बघा, ह्यालाबी माती हाय." मग स्वतःच दचकून गप्प व्हायचे. रागावले की त्यांच्या बोलण्यात देगलूरकडचं गाव डोकं वर काढायचं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं होतं. बाकी काही आलं नव्हतं.

माझे वडील दरवर्षी उदगीरला जाऊन येताना गोणीभर आमच्या रानातली माती आणतात. आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला तीच लागते. हैदराबादच्या मातीवर त्यांचा विश्वास नाही. एकदा मी कौतुकाने त्यातली थोडी लॅबमध्ये नेली. भद्रे सरांनी ती कागदावर घेतली. बराच वेळ नुसते बघत होते.

"किती एकर?"

"अकरा. पणजोबांपासून."

"हिला कुणी पास केलं?"

मला हसू आलं. "हिला कशाला पास करायला पाहिजे, सर? ही मातीच आहे."

"हौ. बरोबर," ते म्हणाले. "काहींना परीक्षाच नसते."

विनोद केला असं समजून मी हसले. त्यांनी कागदाची पुडी नीट बांधून मला परत दिली. त्यातला एक कणही टेबलावर राहू दिला नाही. ती पुडी परत का दिली, हे मला दिवसभर कळलं नाही. मूठभर मातीची पुडी कोणी परत करतं का?

आता खरी गोष्ट. दर पावसाळा संपता संपता आम्ही ढिगावरून नमुने आणायचो. सगळे नमुने माझ्याकडे यायचे, फक्त एक सोडून. तो भद्रे सर स्टीलच्या छोट्या डब्यात घालून स्वतःच्या पिशवीत ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, "कोठीला पाठवायचाय." कोठी म्हणजे शहरातला जुना, गर्दीचा बाजारभाग. आठ-दहा दिवसांनी मी विचारायची, कोठीचा रिपोर्ट आला का? ते मान हलवायचे. "आला. न्हाई म्हणाले." आणि तिसरा रकाना आणखी एक वर्ष कोरा राहायचा.

आमचे मालक मूर्ती सर यांचाही कोठीच्या रिपोर्टावर पूर्ण विश्वास होता. ती कुठली तरी सरकारमान्य मोठी लॅब असणार, असं ते धरून चालले होते. मीही तसंच धरलं होतं. पण सहाव्या वर्षी गोष्ट हातघाईवर आली. खाणवाल्यांचं पत्र आलं: वर्षाअखेर 'ढिगावर माती तयार झाली आहे' असं सही करून द्या. नाही तर काम दुसऱ्या कंपनीला जाईल आणि ती आजूबाजूच्या गावांतली शेतजमिनीची वरची माती विकत घेऊन वीतभर जाड थर सगळीकडे पसरेल. म्हणजे भद्रे सरांचे सहा वर्षांचे वाफे त्याच्याखाली गाडले जातील. ज्या उपायाला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, तोच उपाय त्यांच्या कामाच्या उरावर. आणि हे टाळायला फक्त एक सही पाहिजे होती.

मूर्ती सर स्वतः वर आले. "भद्रे साब, झाड आया, पत्ता आया, बकरी भी आ को खा को गई. और क्या होना तुमको?"

"कोठी का रिपोर्ट नै आया साब."

"उनों कब देते?"

"पूछता मैं."

मूर्ती सर माझ्याकडे बघून हात जोडून निघून गेले. भद्रे सर गच्चीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागले. झारीतलं पाणी संपलं तरी ते झारी तिरपी धरून उभे होते. त्या माणसाला ते ढीग जीवापेक्षा प्यारे होते, हे मी पाहिलं होतं. मग सही का करत नाहीत? माझं डोकं चालेना.

म्हणून मी कोठीला गेले. शनिवारी, अर्धा दिवस सुट्टी घेऊन. कोठीत लॅबला काय तोटा! रक्त तपासणारे, लघवी तपासणारे, एक्स-रे, थुंकी. जुन्या पुस्तकांच्या दुकानांपासून सुरुवात करून मी प्रत्येक जिन्याशी विचारत गेले, "इधर माती की जाँच होती क्या?" एकाने मला शांतपणे विचारलं, "खाली पेट दिए क्या?" दुसऱ्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली. माती तपासणारी लॅब कोठीत नव्हती. मी चक्रावून घरी आले. भद्रे सर खोटं बोलतात? ज्या माणसाने शेळीचीसुद्धा साक्ष तोलून घेतली होती, तो?

पुढच्याच आठवड्यात सरांना ताप आला. खाणवाल्यांबरोबरच्या मीटिंगला ती तीन रकान्यांची वही हवी होती आणि ती त्यांच्या घरी होती. मूर्ती सरांनी मला पत्ता दिला. पत्ता कोठीचा होता.

एका नर्सिंग होमच्या मागची गल्ली, दोन खोल्या. दार उघडलं ते पांढऱ्या पातळातल्या एका उंच, सत्तरीच्या बाईंनी. सरांची थोरली बहीण. सर आतल्या खोलीत झोपले होते. "आत्ताच डोळा लागलाय. ये माय, बस," त्या म्हणाल्या. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली फळी, आणि फळीवर ओळीने पाच स्टीलचे डबे. प्रत्येकावर कागदाची पट्टी आणि सरांचं बारीक अक्षर: वाफा नंबर, महिना. मी ते डबे ओळखले. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे इथं कसे?"

"हे व्हय? वर्साला एक आनतो," आक्का म्हणाल्या. "म्हनतो, आक्का, बघून सांग, माती हाय का."

कोठीची लॅब माझ्यासमोर पाटावर बसली होती.

आक्काने सगळं सरळ सांगितलं, मी विचारायच्याही आधी. नऊ वर्षांची असल्यापासून ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, देगलूरपासून पार उदगीरपर्यंत. स्वतःचं म्हणावं असं रान बापाला नव्हतं, आज्यालाही नव्हतं. लग्न होऊन हैदराबादेत आली. नवरा सिकंदराबादच्या स्टेशनात हमाली करायचा, तो लवकर गेला. मग मागच्या नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागली आणि आई वारल्यावर सात वर्षांच्या लक्ष्मणला इथं आणून नारायणगुड्याच्या शाळेत घातलं. "त्याला वाटतं, मला मातीतलं लई कळतं," ती म्हणाली. "कळायचं बी. मूठभर घ्यायची, पानी शिपडायचं, लाडू वळायचा, गुडघ्याइतका वरून सोडायचा. कसा फुटतो ते बघायचं. पर खरं कळतं ते बोटाला. दोन बोटांत चोळली का ती सोता सांगती."

"आणि ही माती नाही म्हणता?" मी डब्यांकडे बोट दाखवलं.

आक्का उठली. कोपऱ्यात गॅसवर चहा उतू जायला आला होता. तिने सांडशी न घेता, फडकं न घेता, दोन्ही हातांनी उकळतं पातेलं धरून खाली उतरवलं. मी ओरडलेच. तिने पातेलं सावकाश ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"साखर हाय मला. आठ वर्सं झाली, हाताला काय बी कळत न्हाई. गरम न्हाई, गार न्हाई. माती न्हाई, दगूड न्हाई."

"मग तुम्ही पाच वर्षं 'नाही' कशाच्या आधारावर म्हणत होता?"

"मग काय म्हनू? काळी तर दिसती, पर काळी दिसली म्हून काय झालं? बोटाला कळत न्हाई म्हनलं तर काम सोडून मला दवाखान्यात फिरवील. व्हय म्हनलं आन् उद्या खोटं निघालं, तर सायेब लोक कुनाला धरतील? त्यालाच ना? आमच्यातला पोरगा हाय, त्याला दुसऱ्यांदा कोन इचारतंय. 'न्हाई' म्हनलं की कुनाचं काय जात न्हाई." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "त्याला सांगू नको माय."

कुणाचं काही जात नाही! त्या एका 'न्हाई'ने सहा वर्षांचं काम गाडलं जायची वेळ आली होती आणि ते तिने भावाला सांभाळायला म्हटलेलं होतं.

मला राग आला होता, हे कबूल करते. सरांचा. मी पाच वर्षं रात्रंदिवस आकडे काढले आणि शेवटचा शब्द एका आयाबाईच्या बोटांचा? घरी येताना बसमध्ये हे मनात आलं आणि 'आयाबाई' हा शब्द मनातल्या मनात उच्चारल्याबरोबर मीच चपापले. आमच्या अकरा एकरांत कोण खुरपायला येत होतं, हे मी वडिलांना कधी विचारलं नव्हतं. उदगीरपर्यंत, असं ती म्हणाली होती. त्या रात्री जेवताना वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "बाया यायच्या. कुठून यायच्या कुणास ठाऊक." बाल्कनीत तुळस होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

सरांना सांगायचं की नाही? सांगितलं तर आक्काचा शब्द मोडतो. नाही सांगितलं तर ट्रक येतात. चार दिवस मी नुसती घुटमळत राहिले. शेवटी सर कामावर आले तेव्हा मी मधलंच काहीतरी बोलले, "सर, कोठीच्या लॅबला एकदा साइटवर नेऊ या का? डब्यातल्या मुठीवरून कुणाला काय कळणार?"

ते माझ्याकडे वळले. "घरी गेलतात तुम्ही. वही न्यायला."

"हो."

"हं." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. काय काय कळलंय हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचला जीप नर्सिंग होमच्या मागच्या गल्लीत उभी होती.

आक्का पुढच्या सीटवर बसली. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, पाण्याची बाटली, सगळं मांडीवर. पाच तासांत एकदाही पाठ टेकली नाही. ढिगाच्या पायथ्याशी उतरायच्या आधी सरांनी पिशवीतून तिचे कापडी बूट काढले. मला वाटलं, नुसते पुढे ठेवतील. त्यांनी एकेक बूट उलटा करून झटकला, मग आत हात घालून टाचेपासून पुढच्या टोकापर्यंत बोटांनी चाचपला, कुठे खडा राहिला आहे का ते पाहायला. मगच तिच्या पायात घातले. त्या हातांना याची सवय होती. ही पहिली वेळ नव्हती.

म्हणजे तिच्या पायांना काही कळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मग हातांचं ठाऊक नव्हतं, हे कसं शक्य आहे? एका घरात राहणारा माणूस, रोज तिच्या हातचा चहा पिणारा! आणि ठाऊक होतं, तर वर्षानुवर्षं डबे घेऊन तिच्यासमोर का बसत होते? तिला बरं वाटावं म्हणून? की दुसऱ्या कुणाला विचारायची त्यांची तयारीच नव्हती? की 'न्हाई' ऐकणंच त्यांना हवं होतं? मी यातला प्रत्येक अर्थ महिना महिना खरा धरून पाहिला आहे. एकही पुरता बसत नाही.

त्यांनी सही केली की नाही, ते इथंच सांगून टाकते. केली. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी. मूर्ती सरांनी कोठीचा रिपोर्ट जोडलाय का, हे बघितलंसुद्धा नाही. ट्रक आले नाहीत, वाफे आहेत तिथेच आहेत. वर्षाअखेर सर निवृत्त झाले आणि मी त्याच्या आधीच दुसरी नोकरी धरली होती. निरोप समारंभ चुकला. त्यांना पुन्हा भेटणं झालं नाही. फोन ते घेतात, पण त्या हळू आवाजातलं मला निम्मंही ऐकू येत नाही. म्हणून माझ्यापाशी त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे ते त्या दिवसाचं.

भादव्याचं ऊन होतं. वाफ्यात करंजाची रोपं छातीला लागत होती. सर एका बाजूला, मी एका बाजूला, मधे आक्का. मला धास्ती होती की ही आता खाली वाकणार, मूठ भरणार आणि तिला काही कळणार नाही. ती वाकली नाही. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, डावीकडून उजवीकडे सगळा वाफा नजरेखालून घातला, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लक्ष्मण, हे काय रे?"

सरांचा चेहरा उतरला. "काय झालं आक्का?"

"तन किती माजवलंस! हे बघ केना. हा लव्हाळा. ही घोळ. हे काय तू पेरलंस?"

"न्हाई."

"मग आलं कुठून?"

ते तण आम्हीही पाहिलं होतं. माझ्या तक्त्यात त्याला 'इतर' असा एक बारीक रकाना होता.

"दगडात तन येत न्हाई," आक्का म्हणाली. "आमी जल्मभर तेच तर काढलं. तन कुठं येतं ते आमाला इचार. एवढं होऊस्तोर झोपला व्हतास का? खुरपं दे."

खुरपं कुठून असणार! वॉचमन कुठे गेला होता देव जाणे. आक्काने पदर खोचला, बूट घातलेल्या पायांनी तशीच खाली बसली आणि हातानेच केना उपटायला लागली. हातांना काही कळत नव्हतं, पण ते चुकतही नव्हते. करंजाच्या पानाला धक्का न लावता बरोबर तणाच्या बुडाशी जात होते.

"आक्का, ते उपटू नक्को, मोजायचंय अजून," सर म्हणाले. खरंच मोजायचं होतं. तो वाफा उपटला तर त्या वर्षीची मोजणी संपली.

"मोजून काय करायलास? उभं काय राहिलास, तू ती पात धर."

भद्रे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्ता छातीशी धरून उभी होते. त्यांनी मनगटाचं बटण काढलं, बाही वर केली आणि तिच्या शेजारच्या ओळीत बसले. लव्हाळ्याचा एक झुबका धरून ओढला. तो वरच्यावर तुटला.

"मुळासकट काढ. तोडून काय उपेग?" आक्का त्याच्याकडे न बघता म्हणाली. त्यांनी दुसरा ओढला. तोही तुटला. ती वैतागून वळली. "एवढं बी येईना? जल्मात कधी रानात हात घातलास का न्हाई?"

"न्हाई आक्का," सर म्हणाले. "तू कुठं घालू दिलास."

आक्काचे हात थांबले. मग तिने त्यांचा हात धरला, तणाच्या बुडाशी नेला आणि त्यांची बोटं तिथे, काळ्या ओलीत, खोलवर दाबली.

"असं," ती म्हणाली. "हितं धर. आता ओढ."